‘संयुक्त विद्यमाने’ : फलकावरच्या दोन शब्दांचा इतिहास

१/
जूनच्या पहिल्या आठवड्यात महाडहून पाचाडला या. ढगांत बुडालेला रायगड दिसण्याआधी रस्त्याकडेचे फलक दिसू लागतात. कुणाचा अन्नछत्राचा, कुणाचा आरोग्य शिबिराचा, कुणाचा पायवाट स्वच्छतेचा. रंग निराळे, छायाचित्रे निराळी. पण नावांच्या यादीनंतर दोन शब्द सर्वत्र तेच : ‘संयुक्त विद्यमाने’. आजचा थ्रेड या दोन शब्दांविषयी. 🧵

२/
निमित्त सांगते. दोन वर्षांपूर्वी ५ जूनच्या संध्याकाळी गडाकडे निघण्यापूर्वी पाचाडात पाणी भरून घ्यायचे होते. एका फलकावर पिण्याच्या पाण्याची सोय लिहिली होती. खाली आठ संस्थांची नावे आणि ‘संयुक्त विद्यमाने’. टाकी रिकामी होती. उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याला विचारले, तर पाण्याचे काम दुसऱ्या संस्थेकडे आहे असे कळले. त्या दुसऱ्या संस्थेचे तेथे कुणी नव्हते.

३/
समोरच्या घरातल्या आजींनी आपली कळशी आणली आणि आमच्या बाटल्या भरून दिल्या. फलकाकडे बघत त्या म्हणाल्या, “नावं आठ लिवली, पन हितं हाय कोन?”
त्यांना व्याकरण सांगायचे नव्हते. तरीही ‘विद्यमान’ या शब्दाचा मूळ प्रश्न नेमका हाच आहे, हे पुढे अभ्यास करताना माझ्या ध्यानात आले.

४/
प्रथम व्युत्पत्ती. पुष्कळांना वाटते की ‘विद्यमान’चा ‘विद्ये’शी संबंध आहे. शाळा-महाविद्यालयांच्या पत्रिकांवर हा शब्द वारंवार दिसत असल्याने तसे वाटणे साहजिक आहे. पण संस्कृत व्याकरणकार ‘विद्’ नावाचे एकाहून अधिक धातू मानतात. जाणणे या अर्थाच्या ‘विद्’पासून वेद आणि विद्या हे शब्द आले. असणे या अर्थाचा ‘विद्’ वेगळा. त्याचे रूप ‘विद्यते’, म्हणजे ‘आहे’.

५/
या ‘विद्यते’ला ‘मान’ हा प्रत्यय लागून ‘विद्यमान’ झाले : जो आहे, असलेला, हजर असलेला. ‘वर्तमान’ आणि ‘यजमान’ याच घडणीचे शब्द. म्हणूनच आपण ‘विद्यमान आमदार’ आणि ‘माजी आमदार’ असा भेद करतो. वृत्तपत्रातला विद्यमान आमदार आणि फलकावरचे ‘विद्यमाने’ हे एकाच शब्दाचे दोन वापर आहेत.

६/
आता शेवटचा ‘ए’. संस्कृतात ‘विद्यमाने’ ही सप्तमी ठरेल. ‘पितरि विद्यमाने’ म्हणजे वडील हयात असताना. मराठीत मात्र जुने लेखन ‘विद्यमानें’ असे, शेवटी अनुस्वार देऊन होई. तो अनुस्वार तृतीयेची खूण होता. तृतीया करणाऱ्याकडे किंवा साधनाकडे बोट दाखवते : कुणाकडून, कुणाच्या द्वारे.

७/
१९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम स्वीकारले गेले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गळाले. तेव्हापासून ‘विद्यमाने’ हे रूप पाहून सप्तमी की तृतीया हे सांगता येत नाही. माझ्या मते या शब्दाच्या दोन्ही छटा खऱ्या आहेत. अमुक जण हजर असताना काम झाले आणि ते त्यांच्याकरवी झाले. मराठीने हजेरी आणि जबाबदारी एकाच शब्दात बांधली.

८/
ही बांधणी अपरिहार्य नव्हती. शेजारच्या भाषा याच जागी काय लिहितात पाहा.
हिंदी : संयुक्त तत्त्वावधान. (देखरेख)
गुजराती : संयुक्त उपक्रमे. (हाती घेतलेले काम)
कन्नड : संयुक्त आश्रयदल्ली. (आधार, छत्र)
तेलुगू : संयुक्त आध्वर्यंलो. (यज्ञात प्रत्यक्ष हाताने कर्म करणारा तो अध्वर्यू)
‘संयुक्त’ सर्वांकडे आहे. त्यापुढे प्रत्येक भाषेने वेगळी कल्पना निवडली. मराठीने निवडली उपस्थिती.

९/
या निवडीमागे दफ्तराची जुनी सवय असावी. मराठ्यांच्या काळातील, विशेषतः पेशवाईतील, पत्रे व हिशेब मोडीतून वाचू लागलात की ‘विद्यमान’ हा शब्द वारंवार भेटतो. तिथे तो समारंभाचा नाही, व्यवहाराचा आहे. अमुक रक्कम पोचली, ती कुणाच्या विद्यमाने? अमुक करार ठरला, तो कुणाच्या विद्यमाने? उद्या तक्रार झाली तर ज्याला बोलावून विचारता येईल, त्याचे नाव तेथे येई.

१०/
या शब्दाचे भाऊबंदही त्याच कागदांत असतात.
मारफत : ज्याच्यामधून व्यवहार झाला तो.
गुजारत : ज्याच्या हातून वस्तू पोचती झाली तो.
निसबत : ज्याच्या ताब्यातला विषय तो.
हस्ते : ज्याच्या हातून दिले-घेतले तो.
एका रकमेच्या प्रवासात इतकी माणसे नोंदवली जात, कारण पैसा वाटेत कुठे अडकला हे शोधायचे तर प्रत्येक टप्प्यावरचा माणूस ठाऊक हवा.

११/
जामिनाचे प्रकारही याच विचारातून आले. रक्कम भरण्याची हमी घेणारा तो माल जामीन. वर्तणुकीची हमी घेणारा फैल जामीन. आणि माणूस बोलावल्या वेळी हजर राहील याची हमी घेणारा हाजिर जामीन. नुसत्या हजेरीची हमी देण्यासाठी स्वतंत्र माणूस लागावा, यावरून त्या व्यवहारात हजेरीचे मोल कळते.

१२/
तरीही आजच्या फलकाचा खरा पूर्वज कुणी असेल तर तो महजर. वतनाचा तंटा सोडवण्यासाठी सभा बसे, तिचा निवाडा ज्या कागदावर उतरे तो महजर. त्याच्या आरंभी ‘हाजिर मजालसी’ची यादी असे : सरकारी अंमलदार, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार. आजच्या फलकासारखीच नावांची लांब रांग.

१३/
पण एक मोठा फरक आहे. महजरात नाव आले की त्या निवाड्याचे ओझेही अंगावर आले. अक्षर न येणारा माणूस आपल्या व्यवसायाची निशाणी करी. पाटलाचा नांगर, शेट्यांचा तराजू. पिढ्यांनंतर तंटा पुन्हा उभा राहिला तर जुना महजर काढून कोण हजर होते ते पाहिले जाई. यादीत नाव असणे म्हणजे साक्षीला बांधले जाणे.

१४/
आता रायगडावर चला. शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ महिना. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांची कर्तव्ये सांगणारा ‘कानूजाबता’ म्हणून एक कागद उपलब्ध आहे. त्यावर राज्याभिषेक शक १ मधल्या ज्येष्ठाचीच मिती आहे. आपल्या विषयासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण अनेकांनी मिळून एक काम करायचे तर प्रत्येकाचा वाटा कसा ठरवावा हे तो दाखवतो.

१५/
मुख्य प्रधानाने काय पाहावे, सचिवाने राजपत्रांतील अक्षर-मजकूर तपासून कसा शुद्ध करावा, पंडितराव आणि न्यायाधीश यांनी आपापल्या विषयाच्या पत्रांवर संमतीचे चिन्ह कसे करावे, हे त्यात वेगवेगळे सांगितले आहे. राज्यकारभार आठ जणांचा, तरी कोणत्या कागदाबद्दल कुणाला विचारायचे हे ठरलेले. पाचाडच्या फलकावरही आठच नावे होती. पाण्याच्या टाकीवर कुणाचे चिन्ह होते, हे मात्र सांगता येत नव्हते.

१६/
‘संयुक्त’ या शब्दाकडेही वळायला हवे. मूळ धातू ‘युज्’, म्हणजे जोडणे, जुंपणे. योग, युक्त, संयोग हे त्याचेच कुटुंब. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ संस्कृत ‘युग’ या शब्दापासून आले, तेही याच कुळातले. संयुक्त म्हणजे एका जुवाखाली आलेले. एका बैलाने मान काढून घेतली तर सारा भार दुसऱ्यावर येतो, हे कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

१७/
खेड्यांत सामायिक कामाला स्वतःचे शब्द आहेतच. आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणे ती सावड. दोघांनी बैल एकत्र करून आलटून-पालटून औत चालवणे तो वारंगुळा. गावाने मिळून एकाचे शेत उरकून देणे आणि त्याने सर्वांना जेवण घालणे ती इर्जिक. या तिन्हींत हिशेब हजेरीचा. ज्याने सावडीला माणूस पाठवला नाही, त्याच्या शेतात सावड येत नाही.

१८/
मग दफ्तरातला शब्द फलकावर कसा गेला? एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात सभा, मंडळ्या, समाज उभे राहू लागले. पुणे सार्वजनिक सभा १८७० सालची. व्यक्तीच्या जागी संस्था आली. येथेच शब्दाच्या अर्थात एक फट पडली. माणूस हजर असतो किंवा नसतो. संस्था स्वतः कधीच हजर नसते. तिच्या वतीने कुणीतरी उभे राहावे लागते. ते ‘कुणीतरी’ कोण, हे सांगायचे राहून गेले की ‘विद्यमाने’ पोकळ होते.

१९/
रायगडाचेच उदाहरण घेऊ. मे १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. पुढच्या काही दशकांत शिवछत्रपतींची समाधी झाडाझुडपांत दिसेनाशी झाली. १८८३ साली जेम्स डग्लस यांनी मुंबईविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या अनास्थेवर टीका केली. पुढे सरकारने देखभालीसाठी वर्षाला ५ रुपये मंजूर केले. कागदावर सरकार ‘विद्यमान’ होते, वर्षाला ५ रुपयांपुरते!

२०/
३० मे १८९५ रोजी पुण्यात हिराबागेत सभा भरली आणि रायगड स्मारकाच्या चळवळीला रूप आले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून वर्गणीचे आवाहन केले, देणाऱ्यांची नावे छापून येऊ लागली. मोठ्या देणगीदारांबरोबर किरकोळ रकमा देणारेही त्यांत होते. एप्रिल १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. पैसे देणारे बहुतेक लोक गडावर आलेही नव्हते, तरी त्यांची नावे आणि रकमा उघड होत्या.

२१/
म्हणजे दूर असलेला माणूस ‘विद्यमान’ असू शकत नाही असे मी म्हणत नाही. आपला वाटा नेमका किती आणि कशाचा हे जाहीर असेल, तर दूर राहूनही माणूस त्या कामात हजर असतो. १९२०च्या दशकात समाधीचे काम झाले तेव्हा श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळाकडची लोकवर्गणी आणि सरकारी पुरातत्त्व खात्याची देखरेख एकत्र आली. लोक आणि सरकार यांचे ते ‘संयुक्त विद्यमान’ उभे राहायला हिराबागेच्या सभेपासून सुमारे ३० वर्षे लागली.

२२/
दुसरे उदाहरण गडाच्या पायथ्यापासून फार दूर नाही. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. विधिमंडळ झाले, नगरपालिका झाली. दोन्ही संस्थांच्या सह्या-शिक्क्यांनिशी हक्क मिळाला. तळ्यावर मात्र अस्पृश्य समाजातील कुणीही पाणी भरू शकत नव्हता.

२३/
१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रा. भि. मोरे, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही निरनिराळ्या जातींतील माणसे तिच्यामागे प्रत्यक्ष उभी होती. परिषदेसाठी लागणारे पाणी ४० रुपयांना विकत घ्यावे लागले होते. गावात तळे भरलेले, ठराव झालेला, आणि तरी पाणी विकतचे.

२४/
२० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. तीन वर्षांपूर्वीचा ठराव त्या दिवशी ‘विद्यमान’ झाला. त्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागली. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला, तो अस्पृश्यांच्या बाजूने.

२५/
डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी महाडात मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या परिषदेनंतर बाबासाहेब रायगड पाहायलाही आले होते. संयुक्त विद्यमान कशाला म्हणावे याचे उदाहरण शोधताना मला हे नाव आठवते. जागा देणे म्हणजे गावाच्या रोषासमोर उभे राहणे होते.

२६/
आज महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जा; पूजेच्या, क्रिकेट सामन्याच्या, जीर्णोद्धाराच्या पत्रिकेवर तीन नावे ठरलेली असतात : ग्रामस्थ मंडळ, मुंबईकर मंडळ, महिला मंडळ, यांच्या संयुक्त विद्यमाने. शहरात राबणारा पैसा पाठवतो, गावात राहिलेला घाम गाळतो, बायका चुली सांभाळतात. या तिघांना एका ओळीत आणणारा हा शब्दप्रयोग म्हणून मला मोलाचा वाटतो. तो टिंगलीचा विषय होऊ नये.

२७/
मात्र तो नेमका वापरावा. थोडी सूत्रे :
• एकच संस्था असेल तर ‘संयुक्त’ निरर्थक. तेथे ‘तर्फे’ किंवा ‘वतीने’ लिहावे.
• केवळ पैसा दिला असेल तर ‘प्रायोजक’. जागा वा साहित्य दिले असेल तर ‘सौजन्य’ किंवा ‘सहकार्य’.
• आयोजनाची जबाबदारी दोघा-तिघांनी मिळून घेतली असेल तरच ‘संयुक्त विद्यमाने’.
• ‘संयुक्त विद्यमानाने’ हे रूप टाळावे; ‘विद्यमाने’त तृतीया आधीच आहे.

२८/
हा शब्दांचा कीस वाटेल; तसा तो नाही. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत रायगड आहे. गडाचे जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. २०१७ पासून राज्य शासनाचे रायगड विकास प्राधिकरण काम करते आहे. पायथ्याशी ग्रामपंचायती आहेत. आणि उत्सवाच्या दिवशी आपल्यासारखे हजारो लोक व त्यांच्या संस्था. रायगड आज खऱ्या अर्थाने संयुक्त विद्यमाने सांभाळला जातो.

२९/
इतके हात लागले की गर्दीत कुणी घसरला, कचरा दरीत गेला किंवा टाकी रिकामी राहिली तर ‘ते आमच्याकडे नाही’ हे उत्तर फार सोपे होते. म्हणून इतिहासप्रेमी मंडळांना एक सूचना. पुढच्या फलकावर नावांसमोर काम लिहा. पाणी : अमुक मंडळ. प्रथमोपचार : अमुक संस्था. उतरल्यानंतरची स्वच्छता : अमुक गट. कानूजाबता आणि महजर दोन्ही त्यात येतील आणि फलकाचा खर्चही वाढणार नाही.

३०/
शेवटी पुन्हा पाचाड. गडावरचा वारा आणि थंडी सोसवत नसल्याने जिजाऊंचा वाडा या गावात होता. त्याच्या आवारातली तक्क्याची विहीर आजही पाहता येते. राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाऊंनी येथेच देह ठेवला. समाधीही येथेच आहे. मुलगा छत्रपती झाला तेव्हा त्या विद्यमान होत्या, म्हणजे हयात होत्या, हजर होत्या.

३१/
बहुतेक जण पाचाडात गाडी लावतात आणि तडक गडाची वाट धरतात. यंदा जाल तेव्हा समाधीपाशी थोडे थांबा. आणि एखाद्या फलकावर तुमच्या मंडळाचे नाव असेल, तर वर चढण्याआधी टाकीत पाणी आहे ना, तेवढे बघून जा.

(थ्रेड समाप्त. तुमच्या गावच्या जुन्या पत्रिकेवर किंवा कागदावर ‘विद्यमाने’ कशा प्रकारे आले आहे, ते खाली अवश्य लिहा.)